दुरुस्ती मागे न्यावी काय?

बीडच्या पाटांगणावर वि. का. राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली आणि तिच्या आधारे त्यांनी १९०९ साली आपली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, ही हकीकत मराठीच्या विद्यार्थ्याला बहुधा ठाऊक असते. ती पोथी एकनाथांच्या आधीची आहे, तिच्यातली भाषा एकनाथांनी शुद्ध केलेल्या प्रतीहून जुनी आहे, असे राजवाड्यांचे म्हणणे होते. ते सर्वांनी मान्य केले असे नाही. परंतु त्या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न अजून शिळा झालेला नाही. दुरुस्त प्रत हाताशी असताना जुन्या प्रतीचे काय करावे? झालेल्या दुरुस्त्या तिच्यात उतरवाव्यात, की तिला तिच्या चुकांसह राहू द्यावे?

हा प्रश्न आज आम्ही एका निराळ्याच संहितेच्या निमित्ताने मांडणार आहोत. ती संहिता म्हणजे लिनक्स कर्नेल. संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्या मधला जो गाभा स्मृतीची वाटणी करतो, फायली डिस्कवर उतरवतो, छपाईयंत्राशी आणि स्कॅनरशी बोलतो, त्याला कर्नेल म्हणतात. लिनक्सचे कर्नेल हजारो लोकांनी मिळून लिहिलेले आहे आणि त्याचा प्रत्येक शब्द कोणी, केव्हा व का बदलला याची नोंद सर्वांना पाहता येते. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हेवा वाटावा अशी ही संहिता आहे. तरीही साहित्याच्या चर्चेत तिचा उल्लेख आमच्या पाहण्यात फारसा आलेला नाही.

आमचा तिच्याशी संबंध आला तो गरजेपोटी. बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या मराठी विभागात, परिसरातल्या पोथ्यांची चित्रे घेऊन ठेवावीत म्हणून एक संगणक आणि एक स्कॅनर आणला गेला. विभागाच्या एका माजी विद्यार्थ्याने त्यावर लिनक्स बसवून दिले. काही वर्षांनी त्याने प्रणालीची नवी आवृत्ती बसवून पाहिली, तर स्कॅनर ओळखलाच जाईना. त्याचा ड्रायव्हर जुन्या कर्नेलशीच जुळत होता. नवा स्कॅनर घेण्याइतके पैसे विभागाकडे नव्हते. तेव्हा त्याने पुन्हा जुनी आवृत्ती बसवली आणि जाताना म्हणाला, ‘सर, काळजी करू नका, दुरुस्त्या मागेही येत राहतात.’ या ‘मागेही येत राहतात’चा अर्थ काय, त्या कोण आणतो, आणि काय आणायचे व काय नाही हे कोण ठरवतो, हे समजून घेण्यात आमचे पुढचे बरेच दिवस गेले.

व्यवस्था थोडक्यात अशी आहे. कर्नेलची मुख्य शाखा सतत पुढे जात असते. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी तिची नवी आवृत्ती निघते. परंतु जगातले बहुतेक संगणक, फोन, बँकांची यंत्रे या शाखेच्या टोकावर बसलेली नसतात. ती कुठल्यातरी जुन्या आवृत्तीवर चालत असतात. मुख्य शाखेत एखादा दोष सापडून दुरुस्त झाला की प्रश्न उभा राहतो : तोच दोष जुन्या आवृत्तीतही असेल, तर ही दुरुस्ती तिथे न्यायची का? नेण्याच्या या क्रियेला बॅकपोर्ट म्हणतात. मार्च २००५ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी ‘स्थिर’ शाखांची पद्धत सुरू केली, तेव्हापासून हे काम रीतसर होऊ लागले, आणि कोणती दुरुस्ती मागे जाऊ शकते याचे नियमही लिहिले गेले.

हे नियम साहित्याच्या माणसाने मुद्दाम वाचावेत. दुरुस्ती, किंवा तिच्या तोडीची दुसरी, मुख्य शाखेत आधीच आलेली असली पाहिजे. ती निखालस बरोबर असली पाहिजे आणि तपासलेली असली पाहिजे. आजूबाजूच्या ओळी धरून ती शंभर ओळींहून मोठी असता कामा नये. लोकांना खरोखर जाचणारा दोष तिने दूर केला पाहिजे. आणि केवळ शुद्धलेखनाच्या, मोकळ्या जागांच्या, अशा वापरणाऱ्याच्या उपयोगी न पडणाऱ्या किरकोळ दुरुस्त्या मागे नेऊ नयेत. जुन्या प्रतीतली भाषा अशुद्ध असली तरी ती शुद्ध करणे हे मागे जाणाऱ्याचे काम नव्हे, एवढे भान संगणकाच्या कारागिरांनी नियमातच लिहून ठेवले आहे.

आपल्याकडे हे भान नव्हते असे कोणी म्हणू नये. ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे १२९० सालची. एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये, १५८४ साली. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत लेखकांच्या हातून पाठभेद शिरले होते, ते दूर करून त्यांनी मूळ ग्रंथ लावला. हे सांगून झाल्यावर त्यांनी जो इशारा दिला त्याचा आशय असा, की यापुढे कोणी यात आपली ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होईल. म्हणजे दोष काढायला मुभा, भर घालायला बंदी. स्थिर शाखेचा नियमही हाच आहे : दुरुस्ती चालेल, नवे वैशिष्ट्य चालणार नाही.

अगदी अलीकडचे उदाहरण हवे असेल तर मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांचे घ्यावे. १९६२ आणि १९७२ मध्ये शासनमान्य झालेल्या या नियमांनी जुन्या साहित्याच्या छपाईसाठी एक सीमारेषा आखली. केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य मूळ प्रमाणे छापावे; त्यांच्यापासून पुढचे मात्र नव्या नियमांनी छापावे. अनुच्चारित अनुस्वार कुठवर पुसायचे याचा हा निर्णय होता. तो योग्य होता की नाही हा स्वतंत्र वाद आहे, परंतु प्रश्न बॅकपोर्टचाच होता, आणि तो आपल्याकडे दोन नावांची रेघ मारून सोडवला गेला.

आता मूळ निर्णयाकडे येऊ. पहिली भूमिका अशी असू शकते, की मागे काहीच नेऊ नये. ज्याला दुरुस्त प्रत हवी त्याने नवी घ्यावी. ऐकायला ही भूमिका सरळ वाटते. परंतु ती घेणाऱ्याने आमच्या विभागातला स्कॅनर पाहिलेला नसतो. जुन्या आवृत्तीवर राहणारा माणूस दर वेळी आळसाने राहत नाही. त्याचे यंत्र, त्याचा पैसा, त्याने एकदा जुळवून घेतलेली कामाची पद्धत त्याला तिथे बांधून ठेवते. ‘नवी घ्या’ हे उत्तर त्याच्या प्रश्नाला बगल देते.

शिवाय न नेणे हाही निर्णयच असतो आणि त्याचीही किंमत मोजावी लागते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डर्टी काउ’ या नावाने गाजलेला दोष उघड झाला. त्याच्या आधारे संगणकाचा साधा वापरकर्ता सर्वाधिकारी होऊन बसू शकत होता. हा दोष दुरुस्त करताना लिनस टोरवाल्ड्स यांनी बदलाच्या टिपणात नमूद केले, की अकरा वर्षांपूर्वी आपणच तो दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला होता, पण तो नीट साधला नव्हता. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर त्यातून अडचण आली आणि ती दुरुस्ती काढून टाकली गेली. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या वेळी जो धोका निव्वळ तात्त्विक वाटत होता, तो मधल्या काळात कर्नेलचा स्मृतिव्यवहार अधिक वेगवान झाल्यामुळे प्रत्यक्षात सहज घडू लागला होता. हे प्रकरण काटेकोर अर्थाने बॅकपोर्टचे नव्हे. परंतु स्थिर शाखेच्या नियमांत केवळ तात्त्विक धोक्यांवरच्या दुरुस्त्या, त्यांचा गैरफायदा कसा घेता येईल हे दाखवल्याशिवाय, मागे नेऊ नयेत असेही एक कलम आहे. त्या कलमाला हे प्रकरण कायमचे प्रश्नचिन्ह लावून ठेवते. आज निरुपद्रवी दिसणारी चूक उद्याही निरुपद्रवी राहील, हे कोणी सांगावे?

यावरून दुसऱ्या टोकाला जाण्याचा मोह होतो : मग सगळेच मागे न्या. प्रत्येक दुरुस्ती बरोबर आहे हे मुख्य शाखेत सिद्ध झालेलेच आहे, मग निवडानिवड कशाला? या भूमिकेला मोठा आधार आहे, आणि तिचे पुरस्कर्ते साधेसुधे लोक नव्हेत. कर्नेलमधला कुठला दोष सुरक्षेचा आणि कुठला नुसता गैरसोयीचा, हे आधी ओळखता येत नाही. म्हणून स्थिर शाखेतली सारी दुरुस्ती घ्या, वेचून घेऊ नका, असे क्रोआ-हार्टमन वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नेलचा संघ सुरक्षादोषांना स्वतःच अधिकृत क्रमांक देऊ लागला, आणि त्याच वर्षी हे क्रमांक हजारांच्या घरात गेले, ते याच विचारसरणीमुळे. इतक्या दुरुस्त्या माणसाने एकेक वाचून निवडणे अवघड, म्हणून साशा लेविन यांनी यंत्राला शिकवून, ज्यांच्यावर ‘मागे न्या’ अशी खूण नाही अशा दुरुस्त्याही शोधून काढण्याची पद्धत आणली.

परंतु डिसेंबर २०२३ मध्ये जे घडले ते या भूमिकेने विसरू नये. फाइल डिस्कवर नीट उतरावी यासाठी मुख्य शाखेत केलेली एक दुरुस्ती ६.१ या जुन्या शाखेत नेली गेली. मुख्य शाखेत ती निर्दोष होती. मात्र तिने त्याआधी झालेला दुसरा एक बदल गृहीत धरला होता, आणि तो बदल ६.१ मध्ये नव्हता. परिणाम असा झाला, की फाइल जपण्यासाठी नेलेल्या दुरुस्तीनेच काही प्रसंगी फायली बिघडू लागल्या. डेबियन या प्रकल्पाची १२.३ ही आवृत्ती त्या वेळी प्रसिद्ध होण्याच्या बेतात होती. तिच्यात हेच कर्नेल असल्यामुळे ती थांबवावी लागली, लोकांना अद्ययावत करू नका असे सांगावे लागले, आणि लगोलग १२.४ काढावी लागली.

या प्रकरणात चूक कोणाची? दुरुस्ती लिहिणाऱ्याची नव्हे. त्याच्या संहितेत ती बरोबरच होती. जुनी शाखा लिहिणाऱ्याचीही नव्हे. चूक दोन संहितांच्या मधल्या जागेत झाली. दुरुस्ती ही ज्या मजकुरातून निघते त्या मजकुराचे कितीतरी न बोललेले सोबत घेऊन येते. कोशातला अर्थ बरोबर असूनही तेराव्या शतकातल्या ओवीत तो बसत नाही, कारण तो अर्थ त्या शब्दाला पुढे केव्हातरी चिकटलेला असतो. जुनी संहिता लावणाऱ्या प्रत्येकाला या अडचणीचा अनुभव असतो. दुरुस्ती मागे नेताना आपण नकळत पुढचा काळही मागे नेत असतो.

कधीकधी तर दुरुस्ती जशीच्या तशी मागे नेताच येत नाही. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ हा प्रोसेसरमधला दोष जाहीर झाला, तेव्हा कर्नेलच्या रचनेतच खोलवर बदल करावा लागला. ४.४ आणि ४.९ या जुन्या शाखांना जो उपाय मिळाला तो मुख्य शाखेतल्या उपायाच्या आधीच्या एका वेगळ्या मसुद्यावर बेतलेला होता, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी ४.१४ वर जावे असा सल्ला खुद्द सांभाळकर्त्यांनीच दिला. अशा वेळी बॅकपोर्ट हे नक्कल करणे राहत नाही. ते नवे लेखनच होते, आणि नव्या लेखनात नव्या चुका होण्याची पूर्ण शक्यता असते.

तिसरा मार्ग व्यापारी कंपन्यांचा आहे. त्या आपल्या ग्राहकांसाठी एक आवृत्ती पक्की करतात आणि पुढे अनेक वर्षे तिच्यात हवे ते मागे आणत राहतात. रेड हॅट या कंपनीची सातवी आवृत्ती २०१४ मध्ये आली, तिचे कर्नेल २०१३ मधले ३.१० होते, आणि जून २०२४ पर्यंत तिची नियमित देखभाल चालू होती. स्वतः कर्नेलच्या संघाने ३.१० ही शाखा २०१७ मध्येच बंद केलेली होती. या काळात त्या ३.१० मध्ये हजारो बदल मागे आणले गेले, त्यांत निव्वळ दुरुस्त्याच नव्हत्या, नवी वैशिष्ट्येही होती. नाव मात्र अखेरपर्यंत ३.१० हेच राहिले.

हे वाचताना बीड जिल्ह्यातल्या माणसाला अंबाजोगाई आठवल्यावाचून राहणार नाही. मुकुंदराजांची समाधी तिथे दाखवली जाते, आणि त्यांच्या ‘विवेकसिंधु’ला परंपरेने शके १११०, म्हणजे ११८८ हे साल दिले जाते, मराठीचा आद्य ग्रंथ म्हणून तो आपण शिकवतो. पण त्याची उपलब्ध भाषा ज्ञानेश्वरीहून अर्वाचीन वाटते, ही अभ्यासकांची जुनी अडचण आहे. काही जण त्यावरून ग्रंथाच्या काळाविषयीच शंका घेतात. काही जण म्हणतात की ग्रंथ जुनाच आहे, नक्कल करणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या भाषा सोपी करत आणली. दुसरे म्हणणे खरे धरले तर हा प्रकार ३.१० सारखाच झाला : मुखपृष्ठावर जुने साल, आत वेळोवेळी भरलेला नवा मजकूर. फरक एवढाच, की ३.१० च्या बाबतीत कोणता बदल केव्हा आला हे सांगणारे कोणीतरी कागदोपत्री असते. विवेकसिंधूच्या नक्कलकारांनी आपली नावे आणि आपले बदल नोंदवून ठेवले असते, तर आपल्या विद्यापीठांतली निदान एक चर्चा कमी झाली असती.

नोंदीचा हा मुद्दा आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. स्थिर शाखेत दुरुस्ती मागे नेताना टिपणात ती मुख्य शाखेतल्या कोणत्या बदलावरून आली त्याचा क्रमांक द्यावा लागतो. जुन्या मजकुराला जुळवण्यासाठी काही फिरवले असेल तर तेही लिहावे लागते, आणि मग जो ते मागे नेतो त्याने आपली सही करायची असते. उलट राजवाड्यांच्या बाबतीत पाहा. त्यांचा व्यासंग अफाट होता, त्या पोथीवरून त्यांनी ज्ञानेश्वरीतल्या भाषेचे व्याकरणही लिहिले. परंतु ती मूळ पोथी पुढच्या अभ्यासकांसमोर राहिली नाही, आणि त्यामुळे त्यांचे वाचन पोथीशी ताडून पाहण्याचा मार्गच बंद झाला. त्यांच्या निष्कर्षांवर विश्वास ठेवायचा किंवा ठेवायचा नाही, एवढेच आपल्या हाती उरले. मूळ, बदल आणि बदलणारा हे तिन्ही ज्या दुरुस्तीत दिसतात ती उद्या चुकीची ठरली तरी मागे घेता येते.

तर निर्णय कसा करावा? आमचे मत असे. दुरुस्ती किती महत्त्वाची आहे या प्रश्नापासून सुरुवात करणे चुकीचे आहे, कारण महत्त्वाचे काय ते कळायला दहा वर्षे लागू शकतात हे आपण वर पाहिले. पहिला प्रश्न असा हवा : जुन्या संहितेत हा दोष मुळात आहे का? पुष्कळ दोष नंतरच्या बदलांतून आलेले असतात. मागच्या प्रतीत ते नसतातच, आणि नसलेल्या रोगावरचे औषध अपायच करते. कर्नेलमधले लेखक आपल्या दुरुस्तीवर ती कोणत्या जुन्या बदलातली चूक सुधारते हे लिहितात, ते याचसाठी. दुसरा प्रश्न : ही दुरुस्ती जे गृहीत धरते ते सारे जुन्या संहितेत आहे का? नसेल तर तेही सोबत न्यावे लागेल, आणि असे सोबती वाढत गेले की एका टप्प्यावर आपण जुनी प्रत सुधारत नसून नवी प्रत जुन्या नावाने लिहीत आहोत हे कबूल करावे लागेल. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : ती जुनी संहिता वाचणारा, तिच्यावर ही दुरुस्ती चालवून पाहणारा आणि तिच्यासाठी जबाबदार राहणारा कोणी माणूस आहे का?

आमच्या मते निर्णय या तिसऱ्या प्रश्नावर व्हावा. स्थिर शाखेच्या नव्या आवृत्तीचा मसुदा प्रसिद्ध झाला, की हरकती सांगायला सामान्यतः अठ्ठेचाळीस तास मिळतात, आणि एकेका मसुद्यात शेकडो दुरुस्त्या असू शकतात. दोन दिवसांत शेकडो दुरुस्त्या वाचणारे डोळे कुठून आणायचे? म्हणून एक्सएफएस या फाइलप्रणालीच्या सांभाळकर्त्यांनी आपल्या भागातल्या दुरुस्त्या यंत्राने निवडू नयेत असे सांगितले, तेव्हा ते आम्हांस पटले. त्यावर आक्षेप असा होता, की मग जुन्या शाखांतल्या एक्सएफएसला दुरुस्त्याच मिळणार नाहीत. आणि काही काळ त्या खरोखरच मिळेनाशा झाल्या. तो आक्षेप रास्त होता. त्याचे उत्तर वादाने मिळाले नाही, माणसांनी दिले : २०२२ च्या सुमारास काही जणांनी एकेक जुनी शाखा वाटून घेतली, प्रत्येकाने आपल्या शाखेवर चाचण्या चालवल्या आणि त्यांतून उतरलेल्याच दुरुस्त्या पुढे पाठवल्या. प्रत्येक जुन्या प्रतीला तिचा स्वतःचा वाचक मिळाला, आणि अडलेले काम सुरू झाले. ‘सगळे न्या’ आणि ‘काही नेऊ नका’ यांच्या भांडणातून निघण्याची वाट आम्हांस इथे दिसते. वाचक असेल तिथे उदार हाताने न्यावे. वाचक नसेल तिथे, यंत्राने कितीही खात्री दिली तरी, आधी वाचक शोधावा.

यावर कोणी म्हणेल, की जगातल्या असंख्य जुन्या प्रतींना इतके वाचक मिळणार कुठून? मिळणार नाहीत, हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच शाखा बंद करण्याचे धैर्यही या निर्णयाचा भाग असले पाहिजे. २०१७ मध्ये मुख्यतः फोनसाठी म्हणून कर्नेलच्या काही शाखा सहा वर्षे सांभाळण्याचे जाहीर झाले. २०२३ मध्ये ही मुदत पुन्हा दोन वर्षांवर आणण्याचे ठरले. इतकी वर्षे जुन्या शाखा सांभाळण्यात अर्थ नाही, त्या फारसे कोणी वापरत नाही, असे कारण दिले गेले. गरजेप्रमाणे मुदत वाढवलीही जाते, पण मूळ वचन लहान झाले.

‘फारसे कोणी वापरत नाही’ हे वाक्य मात्र आम्हांस खटकते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांच्या हातांतले फोन पाहावेत. मोठ्या भावाने वापरून धाकट्याला दिलेला, धाकट्याने आईला दिलेला असा तो फोन असतो. त्यावरच उचलीचा हिशेब असतो, त्यावरच गावाकडे राहिलेल्या लेकरांचा आवाज येतो, आणि आता बँकेचे खातेही त्यावरच असते. त्या फोनमधली शाखा केव्हाच बंद झालेली असते. तिला वापरणारे आहेत. मोजणाऱ्यांच्या नजरेत ते आलेले नाहीत, इतकेच. कर्नेलच्या संघाने दुरुस्ती मागे नेली तरी फोन बनवणारा ती या आईपर्यंत पोहोचवीलच असेही नाही. दुरुस्तीचा प्रवास दोन ठिकाणी थांबू शकतो, आणि दुसऱ्या ठिकाणी तो का थांबला हे तिला कोणी सांगत नाही. शाखा बंद करावी लागते हे आम्ही मान्य करतो. ती बंद झाली हे तिच्या शेवटच्या वाचकाला त्याच्या भाषेत सांगितले जावे, एवढी आमची मागणी आहे. पोथीच्या शेवटी नक्कलकार तिथी, वार आणि स्थळ लिहून थांबत असे. वाचणाऱ्याला कळे, की याच्या पुढचे या हातचे नाही.

आमच्या विभागातला संगणक अजून जुन्या आवृत्तीवरच आहे. अद्ययावत करण्याची सूचना आली, की आता आम्ही डोळे मिटून ‘होय’ म्हणत नाही. बदलांची यादी उघडतो आणि जमेल तितकी वाचतो. तिच्यातला बराच भाग आमच्या आवाक्याबाहेरचा असतो. परंतु कोणता बदल कोठून आला, तो कोणती जुनी चूक सुधारतो, कोणी सही केली, एवढे तर पाठचिकित्सा शिकलेल्या माणसाला नक्कीच वाचता येते. यंदा पदव्युत्तर वर्गाला पाठभेद शिकवताना आम्ही ज्ञानेश्वरीच्या दोन छापील प्रतींशेजारी अशी एक यादी ठेवणार आहोत. विद्यार्थ्यांना प्रश्न एकच असेल : यातली कोणती दुरुस्ती तुम्ही मागे न्याल, आणि तिच्याखाली स्वतःचे नाव लिहाल का?